‘बऱ्हाणपूर’ अर्ध्याच नोंदींत का सापडते: आडव्या र ची पार्श्वभूमी

इंदूरच्या मराठी मंडळांच्या संगणकातल्या याद्यांत ‘बऱ्हाणपूर’ किंवा ‘कऱ्हाडे’ शोधले की पुष्कळदा काही नोंदी सुटतात. डोळ्यांना सगळीकडे तोच शब्द दिसतो, पण आडव्या र साठी (‘ऱ्ह’, ‘ऱ्य’ यांतली आडवी खूण) आत साठवलेले संकेत निराळे असतात.

भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हा संकेत १९८८ साली सुधारला गेला आणि १९९१ मध्ये आयएस १३१९४ या क्रमांकाने भारतीय मानक झाला. त्यात आडवा र मिळतो तो नुक्त्याच्या (खालच्या टिंबाच्या) ‘ऱ’ला हलन्त (पाय मोडण्याची खूण) जोडून. युनिकोडने, म्हणजे सर्व लिप्यांच्या जागतिक संकेताने, देवनागरीची मांडणी १९८८च्या इस्कीवरूनच घेतली, तरी १९९६च्या २.० आवृत्तीत आडव्या र साठी साधा र, हलन्त आणि ‘झीरो विड्थ जॉइनर’ हे अदृश्य चिन्ह अशी जोडणी होती. पुढे इस्कीची रीत मान्य झाली. जुना मजकूर मोडू नये म्हणून दुसरीही ठेवली, आणि घोळ कायमचा राहिला.

एकाच अक्षराचे निराळे संकेत एका रूपात आणणाऱ्या युनिकोडच्या ‘एनएफसी’ प्रमाणीकरणाने तो मिटत नाही. सुटा र आणि सुटा नुक्ता ते एका ‘ऱ’मध्ये जोडते, नुक्ता हलन्तानंतर पडला असेल तर त्याला आधी आणते, कारण खुणांचा क्रम ठरवणारा वर्ग नुक्त्याचा ७ आणि हलन्ताचा ९. जॉइनरला मात्र ते हात लावत नाही. त्याहून वाईट म्हणजे काही सॉफ्टवेअर अदृश्य चिन्हे कचरा समजून काढून टाकतात. मग आडव्या र चा रफार होतो आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’. दरीखोऱ्यांच्या जागी समुद्र!

तपासणी सोपी आहे. एक्सेलमध्ये ‘लेन’ (LEN) सूत्राने ‘बऱ्हाणपूर’ची लांबी ९ यायला हवी, १० आली तर जॉइनर किंवा सुटा नुक्ता आहे. आधी यादीची प्रत ठेवा, मजकूर एनएफसीत आणा, मग र (२३५२), हलन्त (२३८१), जॉइनर (८२०५) या तिकडीच्या जागी ऱ (२३५३) आणि हलन्त घाला. कंसातले आकडे ‘युनिकॅर’ (UNICHAR) सूत्राला द्यायचे. सगळे जॉइनर सरसकट पुसू नका. इतर व्यंजनांनंतर ते अर्धे रूप मुद्दाम दाखवण्यासाठी वापरलेले असू शकतात, आणि र नंतरचा पुसला की वर सांगितलेला रफार येतोच.

‘ॲ’चे दुखणे याच जातीचे. हे अक्षर युनिकोडमध्ये आले २००८च्या ५.१ आवृत्तीत. तोवर अ वर चंद्राची खूण चढवत किंवा हिंदीचा ‘ऍ’ चालवून घेत. इंदुरात संगणक सहसा हिंदीसाठी लावलेला असतो, त्यामुळे ‘ऍ’ अजून येत राहतो. प्रमाणीकरण या तिन्हींना एक मानत नाही. बदल हातानेच करावा लागतो, आणि तो फक्त मराठी रकान्यांत. हिंदी मजकुरात ‘ऍ’ बरोबरच आहे.