गाडीच्या सीटवरचा चिकटा

सांगली गणपतीचं गाव, त्यामुळे आमच्या विश्रामबागेत बहुतेक दारात एखादी तरी जास्वंद असतेच. गेल्या थंडीत तिच्याखाली लावलेल्या गाडीची सीट रोज सकाळी चिकट लागायची. पोरांनीच काहीतरी सांडलं असणार म्हणून त्यांना दोन दिवस बोलणी बसली. मग वर बघितलं. कोवळे शेंडे, कळ्यांचे देठ, सगळीकडे हिरवट-काळपट ठिपक्यांची दाटी. मावा! सीटवर पडत होती ती त्याची विष्ठा. ती गोड का असते, हे कळलं की या किड्याचे बाकीचे उद्योगही उलगडतात.

मावा सुईसारखी सोंड झाडात खुपसून अन्नरस वाहणारी बारीक नळी गाठतो. नळीतला रस दाबाखाली असल्यामुळे तो ओढायला फारसे कष्ट पडत नाहीत. पण या रसात साखर भरपूर आणि अमिनो आम्लं तुटपुंजी. तेवढ्यासाठी माव्याला भरमसाट रस प्यावा लागतो आणि जास्तीची साखर मागच्या दाराने बाहेर पडते. हाच चिकटा. रसात कमी पडणारी आम्लं माव्याच्या शरीरात राहणारे ब्युक्नेरा नावाचे जिवाणू तयार करून देतात. हे भाडेकरू आईकडून पिलांकडे जन्माआधीच पोचलेले असतात.

चिकट्यावर काळी बुरशी चढते. ती पानात शिरत नाही, पण ऊन अडवते. मुंग्यांना तर चिकटा म्हणजे मेजवानीच. खोडावर मुंग्यांची रीघ दिसली, तर वर मावा नाहीतर पिठ्या ढेकूण आहे का, ते आधी बघावं. रस गेल्याने शेंडे आकसतात, पानं वळतात, कळ्या गळतात.

रस पिण्यापेक्षा मोठं नुकसान कधीकधी नुसत्या चव घेण्याने होतं. पपईवर मावा सहसा वस्ती करत नाही. पंखवाला मावा उडत येतो, पानाला सोंड टोचून बघतो, आवडलं नाही की पुढच्या झाडावर. तेवढ्या काही सेकंदांत पपईच्या रिंगस्पॉट रोगाचा विषाणू या झाडावरून त्या झाडावर जातो. मावा मारायला औषध फवारेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं.

आणि वाढ? जिनिव्हाच्या शार्ल बोने या निसर्ग-अभ्यासकाने 1740 मध्ये नुकतंच जन्मलेलं माव्याचं एकच पिलू वेगळं कोंडून ठेवलं आणि त्याच्यावर पहारा दिला. नराचं तोंडही न पाहता त्या मादीने 95 पिलं दिली. आपल्याकडच्या उबदार हवेत जास्वंदीवरचा मावा वर्षभर असाच, माद्या माद्यांनाच जन्म देत वाढतो. पोटातल्या पिलाच्या पोटात पुढच्या पिढीची सुरुवात झालेली असते, आणि ते पिलू जन्मल्यावर आठवड्याभरात आई होतं. शेंड्यावर गर्दी झाली की पंखवाल्या माद्या निपजतात आणि शेजारच्या अंगणात उतरतात. जोमदार वाढीसाठी कुंडीत मूठभर युरिया टाकणाऱ्यांकडे त्यांची सोय उत्तम होते, कारण नत्र जास्त झालं की शेंडे लुसलुशीत होतात आणि रसातली अमिनो आम्लंही वाढतात.

माव्याचा खरा धसका आपल्या जिल्ह्याने घेतला तो 2002 साली. उसावरचा लोकरी मावा महाराष्ट्रात पहिल्यांदा दिसला तो सांगली जिल्ह्यातच. पानांच्या खालच्या बाजूला पांढरी लोकर, वर काजळी. पुरुषभर उंचीच्या उसात शिरून पानाच्या पाठीमागे फवारणार कसं? शेवटी डिफा नावाच्या पतंगाच्या अळ्या आणि मायक्रोमस हा कीटक कामाला आले. दोघंही माव्यावरच जगणारे. ते मुद्दाम वाढवून फडात सोडले गेले.

अंगणातही अशी फौज असते. लाल-काळे लेडीबर्ड भुंगेरे आणि त्यांच्या अळ्या, सिरफिड माशीच्या अळ्या, क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या किड्याच्या अळ्या. लेडीबर्डची काटेरी, मगरीसारखी अळी ओळखीची नसली की लोक तिलाच आधी चिरडतात. जहाल औषध मारलं की हे सगळे मरतात. वाचलेला थोडा मावा काही दिवसांत पुन्हा शेंडा भरतो, पण त्याला खाणारे इतक्या लवकर वाढत नाहीत.

मी पाइपने पाण्याचा जोरदार फवारा मारला, दर दोन-तीन दिवसांनी, पानांच्या खालूनसुद्धा. खाली पडलेल्या माव्यापैकी फारच थोडा परत वर चढतो. दोनदा संध्याकाळी पाच टक्के निंबोळी अर्कही फवारला. तिसऱ्या आठवड्यात एका पानामागे टम्म फुगलेला, तपकिरी, मेलेला मावा सापडला. पाठीवर गोल भोक, कात्रीने कापल्यासारखं. आत वाढलेली इवलीशी गांधीलमाशी त्याला पोखरून उडून गेली होती. ते पान मी तोडलं नाही. शेजारी अजून चार फुगलेले होते, आणि त्यांना भोकं पडायची होती.