रडस्टन शिलास्तंभ

इंग्लंडच्या पूर्व यॉर्कशर भागात, ब्रिडलिंग्टनच्या पश्चिमेस असलेल्या रडस्टन गावातील प्रागैतिहासिक उभा पाषाण. ऑल सेंट्स चर्चच्या आवारात असलेल्या या स्तंभाची जमिनीवरील उंची सु. ७.६ मी. असून ब्रिटनमधील उभ्या पाषाणांत तो सर्वांत उंच आहे. वजन ४० टनांच्या आसपास असावे. शेंडा तुटलेला असून तेथे शिशाचे टोपण बसविले आहे. काळ सामान्यतः नवाश्मयुगाचा (अश्मयुगाचा शेती सुरू झाल्यानंतरचा अखेरचा टप्पा) उत्तरार्ध मानतात. शैलीवरून व परिसरातील अवशेषांवरून केलेला हा अंदाज आहे.

दगडाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. रडस्टनचा परिसर चुनखडीचा (खडूचा), तर स्तंभ भरड वालुकाश्माचा. असा खडक उत्तरेस सु. १६ किमी.वर केटन उपसागराच्या किनाऱ्यावर आढळतो. तेथून तो लाकडी घसरगाड्यांवरून ओढून आणला, असे एक मत. हिमयुगात हिमनदीने तो आधीच जवळपास आणून टाकला होता, असे दुसरे. आवारात याच जातीच्या खडकाचा एक लहान दगडही आहे. हिमनदीने एकाच जातीचे दोन दगड एकाच टेकाडाजवळ सोडणे अशक्य नाही. तरी मानवी वाहतुकीचा पक्ष अधिक सबळ वाटतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सर विल्यम स्ट्रिकलंड यांनी पायथ्याशी खणून, स्तंभ वर आहे तितकाच जमिनीखाली असल्याचे सांगितले. हा आकडा अतिशयोक्त असावा. त्यांना कवट्याही सापडल्याचे सांगतात. त्यावरून नरबळीची कल्पना पुढे आली. मात्र चर्चच्या दफनभूमीत हाडे मिळणे स्वाभाविकच असल्याने तो पुरावा तोकडा आहे.

प्रयोजनाचा विचार करताना परिसर महत्त्वाचा ठरतो. गावाभोवती चार ‘कर्सस’ (समांतर बांध व खंदकांनी सीमित केलेल्या लांबट नवाश्मयुगीन वास्तू) आहेत. त्यांपैकी किमान तीन स्तंभाच्या टेकाडाकडे रोखलेल्या दिसतात. जिप्सी रेस हा अधूनमधून कोरडा पडणारा ओढाही येथेच पूर्वेकडे वळतो. त्यामुळे मिरवणुका व सामूहिक विधींचे केंद्र, ही उपपत्ती अधिक ग्राह्य वाटते. स्मृतिस्तंभ, सीमाचिन्ह अशीही मते आहेत. खगोलीय निरीक्षणाच्या तर्काला मात्र भक्कम आधार नाही.

चर्च नॉर्मन काळातील (अकराव्या-बाराव्या शतकांतील) आहे. जुन्या श्रद्धास्थानाचे ख्रिस्तीकरण करण्यासाठी ते मुद्दाम येथे बांधले असावे. सैतानाने चर्चवर फेकलेला भाला नेम चुकून येथे रुतला, अशी लोककथा आहे. ती अर्थातच चर्चनंतरची. स्तंभ संरक्षित स्मारक आहे.