वस्तऱ्याने दाढी

वस्तऱ्याने दाढी : मुठीत मिटणाऱ्या, उघड्या व सलग धारेच्या पोलादी पात्याने चेहऱ्यावरील केस त्वचेलगत कापण्याची पद्धत. सेफ्टी रेझरमध्ये पाते आणि त्वचा यांतील कोन बनावटीतच ठरलेला असतो. वस्तऱ्यात तो हाताने राखावा लागतो. दाढीनंतर होणारी आग, लालसरपणा व पुरळ यांचे मूळ बहुतांशी या कोनात, हाताच्या दाबात आणि धारेच्या स्थितीत असते.

प्राचीन ईजिप्तच्या थडग्यांत तांब्याचे व काशाचे वस्तरे सापडले आहेत. मात्र आजच्या मिटणाऱ्या वस्तऱ्याचा उगम निश्चित सांगणे कठीण आहे. तो इंग्लंडमधील शेफील्ड येथे १७व्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचारात आला असे सामान्यतः मानले जाते आणि त्यासाठी १६८० हे साल अनेकदा दिले जाते. मिटणारे चाकू रोमन काळातही होते, हे लक्षात घेता शेफील्डला कल्पनेच्या जन्माचे नव्हे, तर तिच्या प्रसाराचे श्रेय देणे अधिक सयुक्तिक ठरेल. १७४०च्या दशकात बेंजामिन हंट्समन याने मुशीत वितळवून एकजिनसी पोलाद तयार केल्यावर बारीक आणि टिकाऊ धार सुलभ झाली. पात्याच्या दोन्ही बाजू खोलगट घासण्याचे श्रेय बहुधा जर्मनीतील झोलिंगेनच्या कारागिरांना दिले जाते. परंतु शेफील्डच्या जुन्या, पाचरीसारख्या जाड पात्यांवरही अल्प खोलवटपणा आढळत असल्याने हा बदल टप्प्याटप्प्याने झाला असावा. पॅरिसचा कारागीर झां-झाक पेरे याने १७६९च्या सुमारास ‘पोगोनोटोमी’ हा स्वतःची दाढी स्वतः करण्याविषयीचा ग्रंथ लिहिला आणि पात्याला लाकडी संरक्षक बसवण्याची कल्पना मांडली. किंग जिलेट या अमेरिकन उद्योजकाचे बदलत्या पात्याचे यंत्र (सेफ्टी रेझर) १९०३ मध्ये विक्रीस आले व त्यानंतर घरगुती वापरातून वस्तरा मागे पडत गेला.

धार हा या विषयाचा गाभा होय. वस्तऱ्याची पाठ आणि धार एकाच वेळी सहाणेवर टेकवून पाते घासतात, त्यामुळे पाठीची जाडी व पात्याची रुंदी यांवरूनच धारेचा कोन ठरतो. पाठ उचलून घासल्यास हा कोन बिघडतो. प्रत्येक दाढीपूर्वी पाते चामड्याच्या पट्ट्यावर परजतात; तेव्हा पाठ पुढे व धार मागे राहील अशा रीतीने ते ओढतात आणि टोकाशी पोहोचल्यावर पाठीवरच उलटवतात, धारेवर कधीही नाही. पट्टा सैल धरल्यास त्याला झोळ पडतो व धार गोलसर होते. परजल्याने नेमके काय घडते याविषयी मतभेद आहेत. धारेवरील सूक्ष्म दाते सरळ होतात, हे स्पष्टीकरण जुन्या लेखनात आढळते. धारेचे टोक किंचित घासले जाऊन गुळगुळीत होते, हा अलीकडील विचार अधिक पटण्याजोगा आहे. केसापेक्षा कितीतरी कठीण असलेले पोलाद बोथट का होते, याचा मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी अभ्यास केला. २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, केस पात्याशी तिरपा येऊन वाकला आणि त्या ठिकाणी पोलादाची सूक्ष्मरचना असमान असली, तर धारेचे बारीक कण उडतात. हे प्रयोग वापरून टाकून देण्याच्या रेझरच्या पात्यांवर झाले होते, त्यामुळे वस्तऱ्याच्या कर्बयुक्त पोलादाला ते जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. बोथट वस्तरा सुरक्षित असतो हा समज मात्र चुकीचा आहे : तो केस कापण्याऐवजी ओढतो, मग हात नकळत दाब वाढवतो आणि त्वचा खरवडली जाते.

पाणी शोषल्यावर केस फुगतो व कापण्यास लागणारे बल बरेच घटते. म्हणून काही मिनिटे कोमट पाण्याने दाढी भिजवून मग दाट फेस लावतात. पाते त्वचेशी सुमारे ३० अंशांत धरतात. कोन वाढला की पाते त्वचेत रुतते, फार कमी झाला की केस खेचले जातात. मोकळ्या हाताने त्वचा पात्याच्या गतीच्या विरुद्ध दिशेला ताणतात आणि पात्याच्या वजनावर भिस्त ठेवून आखूड हात मारतात. धारेच्या लांबीच्या दिशेने पाते सरकल्यास काप निश्चित. आरंभ गालावरून करणे सोयीचे असते. हनुवटीच्या उंचवट्यावर कोन क्षणोक्षणी बदलावा लागतो, तर मानेवर केसांचा रोख अनेकदा बाजूला वळलेला असतो, म्हणून तो आधी बोटांनी चाचपून पाहतात. पहिला हात केसांच्या रोखाने, म्हणजे सुलट, मारतात. फेस पुन्हा लावून दुसरा आडवा. शेवटी थंड पाणी व ओली तुरटी वापरतात.

उलट हाताबाबत, म्हणजे केसांच्या रोखाविरुद्ध पाते फिरवण्याबाबत, एकमत नाही. अधिक गुळगुळीत दाढीसाठी तो आवश्यक मानला जातो. तथापि कुरळ्या दाढीत ताणलेल्या त्वचेवर उलट कापलेला केस त्वचेखाली मागे सरतो आणि वाढताना कूपाची (केसाच्या मुळाभोवतीच्या पिशवीची) भिंत भेदून दाह निर्माण करतो. अशा व्यक्तींनी त्वचा ताणू नये व सुलट हातावरच थांबावे, असे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. वरील सर्वसाधारण कृतीशी हे विसंगत असले, तरी त्यांच्या बाबतीत तेच ग्राह्य आहे. एकाच वस्तऱ्याने अनेकांची दाढी केल्यास रक्तातून पसरणाऱ्या यकृतशोथासारख्या (हेपटायटिस) रोगांचा धोका संभवतो, म्हणून व्यावसायिक वापरात दर वेळी नवे पाते बसवता येणारा वस्तरा वापरतात.