वाफ दिसली की पाहुणे येतात: मेपलच्या शुगरहाऊसची पार्श्वभूमी

मार्च संपत आला की अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, व्हरमाँट, न्यू हॅम्पशायर आणि मेन या राज्यांत, गावाबाहेरच्या कच्च्या रस्त्यांवर गाड्यांची रांग लागते. बर्फ वितळत असतो, चाकं चिखलात रुततात, तरी माणसं लेकराबाळांना घेऊन निघालेली असतात. पोचायचं असतं झाडीतल्या एका लाकडी खोपटापाशी. छपराच्या माथ्यावरच्या झडपा उघडलेल्या असतात आणि त्यातून पांढरी वाफ भसाभसा बाहेर पडत असते. हे शुगरहाऊस. आत मेपल नावाच्या झाडाचा रस आटवून पाक करण्याचं काम चाललेलं असतं आणि घरचीच माणसं ते करत असतात.

ज्याने गुऱ्हाळ पाहिलंय त्याला आत गेल्यावर फारसं काही समजावून सांगावं लागत नाही. काहिलीच्या जागी लांबट, कप्पे पाडलेली कढई असते, तिला इव्हॅपोरेटर म्हणतात. खाली चुलवाणात चिपाडाऐवजी लाकडाचे ओंडके. फेस उतू जायला लागला की गुऱ्हाळात तेलाचे थेंब सोडतात, इथे लोण्याचा किंवा सायीचा थेंब. पूर्वी डुकराच्या चरबीचा तुकडाच दोरीने कढईवर टांगून ठेवत. फेस तिथवर चढला की आपोआप बसायचा. पाक पाण्यापेक्षा साधारण ४ अंश सेल्सिअस जास्त तापमानाला उकळू लागला की तो झाला. जुनी माणसं मात्र पळी वर धरून बघतात. थेंब थेंब गळणं थांबून पळीच्या कडेवरून सलग पापुद्रा लोंबायला लागला की खूण पटली. त्या पापुद्र्याला तिथे ‘एप्रन’ म्हणतात. आपण पदर म्हटलं असतं.

फरक आहे तो रसात. उसाच्या रसात साखर पंधरा-वीस टक्के असते, शुगर मेपलच्या रसात जेमतेम २. म्हणजे साधारण ४० लिटर रस आटवावा तेव्हा १ लिटर पाक हाती येतो, आणि खोडाला पाडलेल्या एका भोकातून अख्ख्या हंगामात मिळणारा रसही तेवढाच, ४० लिटरच्या आसपास. झाड भोक पाडण्याजोगं व्हायलाच चाळीसेक वर्षं लागतात. शिवाय हा रस मागून मिळत नाही. रात्री पारा शून्याखाली आणि दिवसा शून्याच्या वर, असं होत राहिलं तरच खोडात दाब तयार होतो आणि रस वाहतो. हा खेळ चार-सहा आठवडे चालतो. कळ्या फुगायला लागल्या की रसाची चव बिघडते आणि हंगाम आटोपतो. डबक्यातले बेडूक ओरडायला लागतात त्या सुमाराला येणारा शेवटचा रस, त्याला व्हरमाँटमध्ये ‘बेडकांचा रस’ असंच म्हणतात.

नीरेसारखाच हाही रस थांबत नाही. उबेत ठेवला की आंबतो. म्हणून रस आला की कढई चढवायची, मग रात्रीचे दोन का वाजेनात. पाहुण्यांची गोष्ट सुरू होते ती इथून. रात्रभर जाळ चालू असलेली, थंडीतली एकमेव उबदार जागा. शेजारीपाजारी तिकडे वळले नाहीत तरच नवल.

अर्थात शुगरहाऊस बांधलं जाण्याच्या कितीतरी आधीपासून माणसं या झाडांखाली जमत होती. अबेनाकी, हॉडनोशोनी, अनिशिनाबे हे इथले मूळ रहिवासी. हिवाळा ओसरताना त्यांची कुटुंबं आपापल्या ठरलेल्या मेपलच्या राईत मुक्कामाला जात. भूर्जाच्या सालीच्या भांड्यांत रस धरत, रात्री गोठून वर जमलेला बर्फ काढून टाकत (तेवढंच पाणी कमी), उरलेला रस तापवत. अनिशिनाबेंच्या ओजिब्वे भाषेत एप्रिलच्या सुमाराच्या चांद्रमासाचं नावच रस आटवण्यावरून पडलंय. आपल्याकडे साधारण त्याच दिवसांत गुढीला साखरेच्या गाठी चढतात, हा योगायोगच, पण मला तो आवडतो. धातूची भांडी येण्याआधी हे लोक साखर कितपत करत असतील यावर इतिहासकारांत वाद आहे. रस काढण्याची विद्या युरोपीयांनी त्यांच्याकडून घेतली यावर मात्र नाही. युरोपीयांनी आणल्या त्या लोखंडी कढया.

इथे एक गोष्ट विसरायला होते. पाक हे तेव्हा उद्दिष्टच नव्हतं. पाक टिकवायचा कशात? रस पार आटवून, घोटून त्याची साखर करायची, वड्या पाडायच्या, वर्षभर पुरवायच्या. शेतकऱ्याच्या घरची साखर ती हीच, कारण उसाची साखर विकत घ्यावी लागे आणि ती कॅरिबियन बेटांतून येई, गुलामांच्या श्रमांतून.

त्यामुळे मेपलच्या साखरेला अठराव्या शतकाच्या अखेरीस राजकीय वजन आलं. फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश यांनी १७९१ साली पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसनला पत्र लिहून या झाडाची तारीफ केली. गुलामगिरीची साखर हटवायला हे झाड कामी येईल असा त्यांचा हिशेब होता. त्याच वर्षी जेफरसन आणि जेम्स मॅडिसन व्हरमाँटपर्यंत जाऊन आले. जेफरसनने मेपलची रोपं मागवून व्हर्जिनियातल्या माँटिचेलोच्या आपल्या मळ्यात लावली. बहुतेक मेली. जगली असती तरी रात्रीचं गोठणं आणि दिवसाचं वितळणं तिथे व्हरमाँटसारखं कुठून येणार? आणि गुलामांशिवाय पिकणाऱ्या साखरेची ही झाडं लावली जात होती ती गुलामांच्याच हातांनी राबणाऱ्या मळ्यात, हेही नोंदवून ठेवलेलं बरं.

तरी ती भावना टिकली. १८६० च्या जनगणनेत अमेरिकेत सुमारे ४ कोटी पौंड मेपल साखर झाल्याची नोंद आहे. लगेच पुढच्या यादवी युद्धाच्या वर्षांत ईस्टमन जॉन्सन हा चित्रकार मेनमधल्या फ्रायबर्गच्या राईत जाऊन बसला आणि त्याने साखर करण्याच्या मुक्कामाची कितीतरी छोटी चित्रं रंगवली. त्या चित्रांत कढईभोवती गर्दी आहे: म्हातारे, पोरं, गप्पा मारणारी जोडपी. शेवटचा घाणा उतरवायचा तो शेजाऱ्यांना बोलावूनच, असा रिवाज होता. सगळ्या रेखाटनांवरून एक मोठं चित्र करायचं त्याच्या मनात होतं, ते राहूनच गेलं.

मग उसाची साखर स्वस्त झाली. १८८० च्या दशकात मेपलची साखर भावात मागे पडली आणि साखर म्हणून तिचं दुकान उठलं. व्हरमाँटच्या सेंट जॉन्सबरी गावातून ती घाऊक विकली जाऊ लागली, तंबाखूच्या कारखान्यांना स्वाद देण्यासाठी. एवढी घसरण. वाचवलं ते दोन साध्या वस्तूंनी. पत्र्याची सपाट, कप्पेदार कढई १८५० च्या दशकात आली, तिच्यात रस लवकर आणि स्वच्छ आटू लागला. आणि पत्र्याचे डबे आले, त्यांत पाक टिकू लागला. वडीची जागा पाकाने घेतली. रोजच्या गरजेची वस्तू चैनीची झाली.

आजच्या भेटींचं मूळ या बदलात आहे असं माझं मत. साखर विकायला पाहुणा लागत नाही. चैनीची, महाग, सहज भेसळ करता येण्याजोगी वस्तू विकायची तर गिऱ्हाइकाचा विश्वास लागतो, आणि भेसळ तर सर्रास होत होती. १८८७ मध्ये आलेलं ‘लॉग केबिन’ सिरप खोपटाच्या आकाराच्या डब्यात मिळायचं. आत मेपलबरोबर उसाचा पाक. म्हणजे खोपटाला बाजारात किंमत होती, आतल्या मालापेक्षाही जास्त! १८९३ साली व्हरमाँटच्या उत्पादकांनी संघटना काढली ती शुद्ध मालाची बाजू मांडायला. पुढे कायदे झाले, पाकाचे दर्जे ठरले, व्हरमाँट विद्यापीठाने १९४६ मध्ये अंडरहिलला मेपलचं संशोधन केंद्र उघडलं. पण डोळ्यांदेखत उकळणाऱ्या कढईइतका पुरावा दुसरा कुठला?

मोटारी आल्या तशी शहरातली माणसं येऊ लागली. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात याचं रूप वेगळं झालं. जगातला ७० टक्क्यांच्या आसपास मेपल पाक तिथला, आणि तिथली ‘कबान आ सुक्र’ म्हणजे जवळजवळ खाणावळच: लांब बाकं, वाटाण्याचं सूप, पाकात शिजवलेल्या घेवड्याच्या बिया, अंडी, डुकराचं मांस, आणि सगळ्यावर पाक. अमेरिकेच्या बाजूला मामला अजून घरगुती राहिला. मेनमध्ये १९८३ पासून मार्चचा चौथा रविवार ‘मेपल संडे’ म्हणून ठरला, त्या दिवशी शुगरहाऊसची दारं सगळ्यांना उघडी. शेजारच्या राज्यांनीही आपापले शनिवार-रविवार ठरवले.

तिथे काय मिळतं? मुख्य पदार्थ एकच. गरम पाक आणखी थोडा आटवायचा आणि ताटलीत दाबून भरलेल्या स्वच्छ बर्फावर धार सोडायची. तो तिथल्या तिथे आखडतो, काट्याला गुंडाळून उचलला की चिक्कीच्या आधीच्या पाकासारखा दाताला चिकटतो. सोबत देतात साधा डोनट आणि खारवलेली आंबट काकडी. काकडी कशाला, असं पहिल्यांदा सगळ्यांनाच वाटतं. तिसऱ्या घासाला तोंड गोडाने मिटतं तेव्हा कळतं. काकडीचा एक चावा, की पुन्हा गोड खायला मोकळे.

पाहुण्यांना बाहेर झाडाला टांगलेल्या बादल्या दाखवतात. फोटोला त्या छान. पण खरा रस १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून प्लॅस्टिकच्या नळ्यांतून वाहतोय. निळ्या-हिरव्या नळ्यांचं जाळं सगळ्या राईभर पसरलेलं असतं, पंप रस ओढतो आणि कढईत पडण्याआधी रिव्हर्स ऑस्मोसिसच्या यंत्रातून त्यातलं बरंचसं पाणी निघून गेलेलं असतं. रात्र रात्र जागण्याची गरज त्यामुळे कमी झाली. पाहुण्यांनी भरलेल्या घरात ते यंत्र सहसा मागच्या खोलीत असतं.

आता अडचण तारखेची आहे. मार्चचा पहिला मंगळवार म्हणजे व्हरमाँटच्या गावसभांचा दिवस. झाडांना तोट्या लावायच्या त्या सुमाराला, असा जुन्यांचा ठोकताळा. हल्ली हिवाळे उबदार झालेत आणि पुष्कळ जण फेब्रुवारीतच, कधी त्याच्याही आधी भोकं पाडतात. पाहुण्यांचा रविवार मात्र कॅलेंडरवर ठरलेला. कुठे त्या दिवशी कडाक्याची थंडी पडते आणि झाडं गप्प बसतात, कुठे हंगाम आधीच उरकलेला असतो. म्हणून निघण्यापूर्वी फोन करून विचारा, असं यजमान आधीच सांगून ठेवतात. पूर्वी शेजाऱ्यांना फोनची गरज नव्हती. ते छपराकडे बघायचे.