समुद्राचं पाणी गोडं होतं, मग सोलापूरला का नाही?

दर उन्हाळ्यात एक मेसेज फिरतो की समुद्राचं पाणी आता जवळपास फुकटात गोडं होतं, पाइपलाइन टाका, सोलापूरचा प्रश्न मिटला. चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्याला हे पटणारच.

यातलं अर्धं खरंय. पन्नास वर्षांपूर्वी 1000 लिटरला 10 युनिटच्या वर वीज लागायची, आता मोठ्या आरओ प्लांटला (प्रेशरने पाणी बारीक पडद्यातून, म्हणजे मेम्ब्रेनमधून ढकलून मीठ मागे ठेवणारा) साधारण 3-4 लागतात, कारण मेम्ब्रेन सुधारले आणि उरलेल्या खाऱ्या पाण्याचं प्रेशर परत वापरता येतं. पण फुकट नाही, त्याहून फार खाली जाणारही नाही, मीठ वेगळं करायला निसर्गतःच कमीत कमी साधारण 1 युनिट लागतं.

खरी अडचण चढाची आहे. मोबाईलवर उंची बघा, सोलापूर साधारण 450 मीटरवर, मध्ये सह्याद्री, घाट 600 मीटरच्या आसपास धरा. 1 युनिटमध्ये 1000 लिटर पाणी जास्तीत जास्त 367 मीटर चढतं (आकडा शाळेच्या फिजिक्समधूनच निघतो). म्हणजे 600 मीटरला पंपाचा लॉस धरून दोन युनिटच्या वर, शिवाय अडीचशे किलोमीटरहून लांब पाइपातलं घर्षण, म्हणजे पाणी गोडं करण्याइतकीच वीज नुसतं आणायला जाते. मुंबईसारख्या किनाऱ्यावरच्या शहराला हे परवडू शकतं, आपल्याला त्यापेक्षा उजनी धरणाचंच पाणी गळती थांबवून नीट वापरणं कितीतरी स्वस्त.