हप्ता भरूनही विमा नसलेली गोष्ट : शुअरटी बाँड

पतसंस्थेच्या कर्जासाठी ज्यानं एकदा तरी जामीनदार शोधत गाव पालथं घातलंय, त्याला शुअरटी बाँड, म्हणजे धंदा करणाऱ्यासाठी एखादी कंपनी जामीन राहते तो करार, समजायला वेळ लागत नाही. घोळ होतो तो त्याच्या दिसण्यामुळे. अमेरिकेत हा बाँड बहुतेक वेळा विमा कंपनीच देते, दरवर्षी हप्ता घेते आणि कागदही पॉलिसीसारखाच दिसतो. मग लोकांचे पैसे परदेशी पाठवण्याचा धंदा काढणारा माणूस, ज्याला परवान्यासाठी हा बाँड लागतो, ‘चला, विमा उतरला’ म्हणून निर्धास्त होतो.

समजा, न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्समध्ये कुणी स्वतःची अशी कंपनी काढली. (बड्या कंपनीचा एजंट म्हणून काउंटर चालवणाऱ्या किराणा दुकानाची गोष्ट वेगळी. तिथे परवाना मुख्य कंपनीचा असतो.) राज्याचा परवाना हवा तर किमान ५ लाख डॉलरचा बाँड द्यावा लागतो. ही रक्कम कुठे भरायची नसते. मालकाची पत आणि ताळेबंद पाहून त्यावर काही टक्के हप्ता ठरतो. दर २ टक्के धरला, तर वर्षाला १० हजार डॉलर.

आता हे १० हजार कुणाच्या बचावासाठी? मालकाच्या नक्कीच नाही. विम्यात दोघं असतात, विमा घेणारा आणि विमा कंपनी. बाँडमध्ये तिघं असतात: धंदा करणारा, ज्याच्या नावे हमी दिली ते राज्य, आणि जामीन राहणारी कंपनी. राज्याच्या मागे उभी असतात ती गिऱ्हाइकं. एखाद्यानं साताऱ्याला आईला पाठवायला ८०० डॉलर दिले आणि मालकानं ते दुकानाच्या भाड्यात घातले, तर बाँडवर दावा लागतो. कंपनी पैसे देते आणि लगेच मालकाच्या दारात येऊन ते परत मागते, वर वकिलाचा खर्चही.

बाँड घेताना जो भरपाईचा करार सही करून घेतात, त्यात हे स्पष्ट लिहिलेलं असतं. त्यावर कंपनीचीच नव्हे, बऱ्याचदा मालकाची वैयक्तिक सहीही घेतात, कधी नवरा-बायको दोघांची. म्हणजे घरही पणाला. बाँडच्या दलालाला हप्ता कमी करायला सांगणारे पुष्कळ. हा करार पूर्ण वाचणारे थोडे. आपल्याकडचा १८७२चा करार कायदाही हेच म्हणतो: जामीनदारानं रीतसर भरलेलं कर्जदारानं भरून द्यायचं, कलम १४५.

विमा कंपनी हजारो हप्ते गोळा करते, कारण त्यातल्या काहींच्या दुकानांना आग लागणार हे तिनं धरलेलंच असतं. जामीन राहणारी कंपनी एकही दावा येणार नाही असं धरून चालते आणि बँक कर्ज देताना बघते तसं सगळं बघते. शंका आली तर तारण मागते. पुढे पत घसरली, तर राज्याला आगाऊ नोटीस देऊन अंग काढूनही घेते. नवा बाँड मिळाला नाही, की परवाना गेलाच म्हणायचा.

मग रोखपालानंच गल्ल्यावर हात मारला तर? त्यासाठी वेगळी पॉलिसी असते आणि तिला म्हणतात फिडेलिटी बाँड! नाव बाँडचं, पण धंदेवाल्याचं नुकसान भरून देणारा हा चक्क विमा. ज्यानं कुणी हे बारसं केलं, त्यानं पुढच्या सगळ्यांच्या डोक्याला ताप दिला.

गिऱ्हाइकानंही बाँड बघून फार हुरळून जाऊ नये. अमेरिकी राज्यांच्या बँक नियामकांच्या संघटनेनं राज्यांनी उचलावा म्हणून आणलेल्या नमुना कायद्यात बाँड १ लाख डॉलर किंवा त्या राज्यातल्या रोजच्या सरासरी देण्याइतका, यातला जो जास्त तो, पण कमाल ५ लाखांपर्यंतच. कंपनी बुडाली आणि देणं कोटींत असलं, तर सगळ्या दावेदारांनी तेवढ्यातच वाटून घ्यायचं. खरा आधार दुसऱ्या अटीचा आहे: गिऱ्हाइकांचं जेवढं देणं, तेवढी रोकड किंवा सुरक्षित रोखे कायम हाताशी ठेवायचे.

परवान्याबाबतही अशीच गल्लत होते. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या फिनसेनकडे (काळ्या पैशावर नजर ठेवणारं खातं) धंदा सुरू केल्यापासून १८० दिवसांत नोंदणी करायची, दर २ वर्षांनी नूतनीकरण करायचं. पण ती नोंदणी म्हणजे परवाना नव्हे. परवाना राज्य देतं, प्रत्येक राज्याचा वेगळा, आणि बाँडही त्या त्या राज्याच्या नावे वेगळा. परवाना लागतो तिथे तो न घेता धंदा केला, तर केंद्राच्या कायद्यानं ५ वर्षांपर्यंत कैद. ‘मला ठाऊक नव्हतं’ हे तिथे चालत नाही.

आपल्याकडे विमा नियामकानं २०२२मध्ये या प्रकाराला वाट करून दिली, ती ‘शुअरटी विमा’ या नावानं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नितीन गडकरींच्या हस्ते पहिलं उत्पादन बाजारात आलं. हा विमा मुख्यतः रस्ते आणि बांधकाम कंत्राटदारांच्या कामाचा. परदेशातून येणाऱ्या पैशांसाठी रिझर्व्ह बँकेची तऱ्हा निराळी. इथला एजंट आधी रुपये मोजून देतो आणि परदेशी कंपनीकडून त्याला नंतर मिळतात. म्हणून त्या कंपनीनं ३ दिवसांच्या सरासरी उचलीइतकं किंवा ५० हजार डॉलर, यातलं जे जास्त ते, तारण ठेवायचं.