टॅबलेटवरचं अक्षर आणि ट्रंकेतला मोडी कागद

वडोद्यात दांडिया बाजाराकडच्या ज्या मराठी घरांत मोडी कागद जपून ठेवलेत, तिथे हा प्रश्न हमखास निघतो: टॅबलेटवर पेनानं लिहिलं की लगेच छापील अक्षरं उमटतात, मग पणजोबांच्या कागदाचा फोटो काढला तर तो का वाचला जात नाही? दोन्ही हस्ताक्षरंच, पण संगणकाच्या हाती येतं ते अगदी वेगळं.

टॅबलेटला अक्षराचं चित्र लागतच नाही. पेन टेकलं की बिंदूंची रांग सुरू होते, पेन कुठे आहे आणि कोणत्या क्षणी. उचललं की रेघ संपली. म्हणजे हात कसा फिरला हेच त्याला कळतं. २००७ साली वॉब्रॉक, विल्सन आणि ली या संशोधकांनी मांडलेली, हातानं काढलेल्या खुणा ओळखण्याची ‘डॉलर वन’ पद्धत यावरच उभी आहे. एका रेघेत काढलेल्या खुणेचे सारख्या अंतरावर ६४ बिंदू करायचे, ती फिरवून, लहानमोठी करून नमुन्याशी बिंदूला बिंदू जुळवायची. सारी भिस्त क्रमावर, त्यामुळे उलट दिशेनं काढलेलं वर्तुळ तिला वेगळीच खूण वाटते. २०१२च्या ‘डॉलर पी’नं क्रम सोडून नुसता बिंदूंचा पुंजका जुळवला.

आपल्याकडे बहुतेक जण आधी शब्द लिहितात, मग शिरोरेघ ओढतात. ही शेवटची रेघ मागच्या सगळ्या अक्षरांची आहे, हे प्रोग्रॅमला शिकवावंच लागतं. मोडीत नेमकं उलट: आधी पानभर आडवी रेघ, मग तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता अक्षरं, शब्दांमध्ये बहुधा मोकळी जागाही नाही.

फोटोत हा क्रम उरत नाही. रेघ आधी की नंतर, बोरू कुठून कुठे वळला, काही कळत नाही. उरतात गडद-फिके ठिपके, त्यातच मागच्या पानावरून झिरपलेली शाई. आधी शाई कागदापासून वेगळी काढायची, मग ओळी शोधायच्या, मग वाचायचं. आजची न्यूरल नेटवर्क्स, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारे प्रोग्रॅम, अख्खी ओळ एकदम वाचू शकतात, पण त्यासाठी फोटो आणि त्याचं अचूक देवनागरी लिप्यंतर अशा भरपूर जोड्या लागतात.

म्हणून टॅबलेट कितीही हुशार झाला तरी ट्रंकेतला कागद त्यामुळे वाचला जाणार नाही, असं माझं ठाम मत आहे. घरात मोडी वाचणारं कुणी असेल तर आत्ताच त्यांच्याजवळ बसा. फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, बरोब्बर वरून काढा आणि ते वाचतील ते ओळीला ओळ देवनागरीत उतरवून घ्या.